पाइनच्या कपाटाची प्रगती: रंगाचे थर चढले, टॉपकोट बाकी

पुस्तकांच्या कपाटाचा सांगाडा आणि फळ्या रंगवून झाल्या. दारं राहिली आहेत. शेजारी जुनं सागवानी टेबल आहे, त्याला शोभेल असा रंग हवा होता: तांबूस झाक थोडी, काळपटपणा जास्त. पाइनवर असा रंग आणायचा तर एकट्या स्टेनच्या (लाकडात मुरणाऱ्या रंगाच्या) डब्यावर भिस्त ठेवून भागत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. थोडा गडदपणा लाकडात मुरवायचा आणि उरलेला वरच्या थरांमधून चढवायचा.

लाकूड चाकणकडच्या जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौथऱ्यांच्या) वखारीतलं आहे. तिथं प्रत्येक फळी उलटून शिक्का बघून घेतली. कणसाच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. असं लाकूड मी घरात आणत नाही. मात्र ‘एचटी’साठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं ठेवतात. त्यानं कीड मरते, पण राळ पक्की व्हायला ७० अंशांच्या वर जावं लागतं. त्यामुळं या लाकडाच्या गाठींतून राळ पुढंही पाझरू शकते. सगळ्या गाठी थिनरच्या फडक्यानं पुसून काढल्या आणि त्यांच्यावर चपडीचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) वेगळा हात दिला. चपडी राळेला अडवते, हे काम दुसरं कुठलंही सीलर इतक्या स्वस्तात करत नाही.

आता मुख्य अडचण. पाइनमध्ये हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग फिका, मऊ आणि सच्छिद्र असतो, तर नंतरचा गडद पट्टा घट्ट असतो. स्टेन लावला की मऊ भाग तो पिऊन टाकतो आणि घट्ट पट्ट्याला लागतच नाही. फिकं होतं ते काळं होतं, गडद होतं ते फिकं उरतं. फोटोच्या निगेटिव्हसारखी रेषांची उलटापालट होते. शिवाय गाठींभोवती, जिथं रेषा तिरप्या वळतात तिथं, रंग जास्त शोषला जाऊन डाग पडतात. गडद रंगात हे डाग जास्तच डोळ्यांत भरतात.

म्हणून सुरुवात हलक्या रंगानं केली. ८०, १२० आणि शेवटी १५० नंबरचा पॉलिश पेपर मारून ओल्या फडक्यानं तंतू उभे केले आणि वाळल्यावर अलगद उतरवले. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र ३२० पर्यंत नेलं, कारण टोकाकडून लाकूड रंग भसाभसा ओढतं आणि जितकं गुळगुळीत तितकं कमी ओढतं. टोकदार कडाही याच वेळी मोडून घेतल्या. तशाच ठेवल्या तर पुढं पेपर मारताना सगळ्यात आधी तिथलाच रंग उडून पांढरी रेघ दिसते. मग पाण्यातला पिवळसर तपकिरी डाय (पूर्ण विरघळणारा रंग), बराच पातळ करून. डायचे कण इतके बारीक असतात की ते घट्ट पट्ट्यातही थोडेफार शिरतात. पिगमेंटला, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगाच्या भुकटीला, ते जमत नाही.

त्यावर चपडीचा पातळ हात, म्हणजे पुढचा स्टेन मऊ भागात जास्त मुरत नाही. माझं प्रमाण एक लिटर स्पिरिटला साधारण ६० ग्रॅम चपडी. साध्या चपडीत मेण असतं आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं वार्निश) नीट धरत नाही. मेण काढलेली चपडी मिळाली तर उत्तम, नाहीतर बरणी हलवू न देता ठेवायची आणि गाळ खाली बसल्यावर वरचं नितळ द्रावण काढून घ्यायचं. हा हात पावसाळी हवेत देऊ नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतला ओलावा तिथं बसतो आणि पांढुरकी साय येते. मी उघडीप बघून दुपारीच हे काम केलं.

चपडी वाळली की ३२० चा एक हलका हात, मग जेल स्टेन, म्हणजे फारसा न मुरता वरच राहणारा घट्टसर स्टेन. फडक्यानं सढळ लावायचा आणि जरा थांबून रेषांच्या दिशेनं पुसायचा. फळी आणि उभ्या बाजूच्या कोपऱ्यात तो साचतो, तिथं कोरड्या ब्रशनं ओढून काढायचा. दिवा बाजूनं तिरपा धरला की कुठं जाड राहिलाय ते लगेच कळतं. दुसऱ्या थरानंतर घट्ट पट्टे मध्यम तपकिरी झाले, मऊ भाग त्याहून जरासाच गडद. गाठी काळसर दिसतात आणि मला त्या तशाच आवडतात.

स्टेन तेलाचा असला तर फडक्यांचा बोळा करून टाकू नका. जवसासारखं वाळणारं तेल हवेशी संयोग होताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी एकेक करून बाहेर पसरून वाळवा.

हा सगळा क्रम आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या लांब पट्टीवर केला होता. प्रत्येक टप्प्याला पट्टीचा थोडा भाग मोकळा सोडला आणि मागं पेन्सिलनं लिहिलं. कच्चं लाकूड, डाय, चपडी, जेलचा पहिला थर, दुसरा थर, टॉपकोट, असं सगळं एका पट्टीवर शेजारी शेजारी दिसतं. डब्यावरच्या रंगाच्या नमुन्यापेक्षा ही पट्टी शंभर पटींनी खरं सांगते.

दुसऱ्या एका तुकड्यावर हिरड्याचा प्रयोग केला. लोखंड आणि टॅनिन मिळून काळा रंग होतो, पण पाइनमध्ये टॅनिन फारसं नसतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा टॅनिननं भरलेला. त्याचा काढा लावला, वाळवला आणि वर व्हिनेगरमध्ये विरघळवलेल्या स्टील वूलचं पाणी फिरवलं. बघता बघता रंग राखाडी आणि मग निळसर काळा झाला. फार देखणा आहे, पण सागाशेजारी तो थंड वाटेल. एखाद्या छोट्या पेटीसाठी राखून ठेवला आहे.

टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा थर, तेलाचा पीयू, सॅटिन (मंद चमकेचा). त्याची पिवळसर झाक गडद तपकिरीला ऊब देते आणि पाइनसारख्या मऊ लाकडाला तेवढं कवच हवंच, नाहीतर ओरखडा गेला की आतलं पांढरं उघडं पडतं. दारांचा क्रम मात्र वेगळा ठेवणार आहे. चौकटीत बसणाऱ्या फळ्या आधी कडांपर्यंत रंगवून मगच खाचेत सरकवायच्या आणि डिंक फक्त चौकटीच्या सांध्यांना लावायचा. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की फळी आकसते आणि आधी रंगवलेली नसेल तर खाचेतून बाहेर आलेली कोऱ्या लाकडाची पट्टी दिसायला लागते.