कास्ट टाकला आणि कंपायलर गप्प बसला

परवा रात्री साडेअकराला गावच्या वाचनालयाची सभासद यादी स्क्रीनवर आली आणि मी बघतच राहिले. वाघमारे सगळ्यांत वर, मग पवार, मग कुठेतरी मध्येच आपटे. सकाळी ग्रंथपालकाकांना हीच यादी छापून द्यायची होती.

प्रोग्राम सी भाषेतला, साधाच. नावांचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीने खण, आणि प्रत्येक खणात एका नावाचा पत्ता, ते नाव मेमरीत कुठे आहे ते सांगणारा. क्रम लावायला क्यूसॉर्ट, हे सीमधलं तयार फंक्शन. त्याला तुलना करणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, लागतो: दोन कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर (तिथे काय आहे ते न सांगणारे, फक्त वाचण्यापुरते पत्ते) घेणारं, इंट (पूर्णांक) परत देणारं फंक्शन. दोन शब्दांची तुलना करणारं तयार फंक्शन स्ट्रकम्प, तेही दोन पॉइंटर घेतं आणि इंटच देतं, फक्त त्याचे पॉइंटर कॅरचे, म्हणजे अक्षरांचे. कंपायलरने, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामने, टाइप जुळत नाही म्हणून वॉर्निंग दिली. मी कास्ट टाकला, म्हणजे ‘हा हवा तोच टाइप आहे असं समज’ असं त्याला सांगितलं, आणि वॉर्निंग गेली.

डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम पायरीपायरीने चालवून बघायच्या साधनात, उतरल्यावर उलगडा झाला. क्यूसॉर्ट नाव देतच नाही, नावाचा पत्ता ज्या खणात आहे त्या खणाचा पत्ता देतो. स्ट्रकम्प त्या खणातले आठ बाइट अक्षरं समजून वाचत होतं! माझ्या मशीनवर सर्वांत खालचा बाइट आधी येतो, आणि सीमध्ये शून्य बाइट आला की स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, संपली असं धरतात. त्यामुळे ज्या नावाचा पत्ता ००ने संपतो ते त्याला रिकामी स्ट्रिंग वाटायचं, आणि अशी सगळी नावं यादीच्या डोक्यावर जाऊन बसली होती. वाघमारे त्यांतलेच. पत्त्यांचे वरचे दोन बाइट शून्य असल्यामुळे वाचन तिथे थांबायचं, म्हणून क्रॅशही नाही. क्रॅश झाला असता तर बरं, निदान लगेच कळलं असतं.

मी इतकी वर्षं जावा लिहिते, आणि तिथली सवय इथे नडली असं मला वाटतं. जावात मेथडची, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनची, सिग्नेचर (ओळख) म्हणजे नाव आणि पॅरामीटरचे टाइप. परत काय येतं ते त्यात धरत नाहीत. म्हणूनच फक्त रिटर्न टाइप वेगळा ठेवून दोन मेथड लिहिता येत नाहीत. फंक्शन पॉइंटरचं याच्या उलट. त्याच्या टाइपमध्ये नावाला जागाच नाही, रिटर्न टाइप मात्र हवाच. सी++मध्ये तर एकाच नावाची दोन फंक्शनं असली की त्यांतलं कुठलं उचलायचं ते समोरच्या पॉइंटरच्या टाइपवरून ठरतं. आणि क्लासमधली साधी मेथड अशा पॉइंटरमध्ये मावत नाही, कारण तिला धिस, म्हणजे ती ज्या ऑब्जेक्टवर चालते त्याचा पत्ता, छुपेपणाने द्यावा लागतो.

आता चार ओळींचं वेगळं फंक्शन लिहिलंय. व्हॉइड पॉइंटर घ्यायचा, तो कॅर पॉइंटरचा पॉइंटर आहे असं आतच स्पष्ट करायचं, खण उघडायचा, मगच स्ट्रकम्पला हाक मारायची. क्यूसॉर्टला देताना कास्ट नाही. व्हॉइडमुळे आतली चूक कंपायलरला अजूनही दिसणार नाही, ती जबाबदारी माझीच. पण फंक्शनचा टाइप चुकला तर तो ओरडेल, आणि त्याला ओरडू द्यायचं.

काकांना सकाळी यादी दिली. आपटे पहिले आहेत. त्याच फाइलमध्ये असेच आणखी तीन कास्ट सापडलेत, आज रात्री त्यांच्याकडे बघते.