‘किर्की’ला खडकी करायचं नाही

इंग्लंडमधल्या हौशी वंशशोधकांचा एक नियम मराठी माणसाला पहिल्याच दिवशी खुपतो: छापलंय तसंच उतरवायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या वर्तमानपत्रात ‘किर्की’ असेल तर किर्की, खडकी नाही. ठाण्याचं ‘टॅना’, रत्नागिरीचं ‘रत्नाघेरी’, नगरचं ‘अहमदनग्गर’. आपण झोपेतही चुकणार नाही अशी गावांची नावं डोळ्यांदेखत चुकीची टंकायची आणि पुढच्या ओळीकडे जायचं.

हे काम करणारी संस्था म्हणजे फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी. इथं सगळे ‘फिबिस’ म्हणतात. १९९८ साली सुरू झाली, सगळा भार स्वयंसेवकांवर. ज्यांचे खापरपणजोबा हिंदुस्थानात सार्जंट, रेल्वेचे गार्ड नाहीतर कारकून होते, त्यांच्यासाठी ही मंडळी जुन्या नोंदी तक्त्यात भरतात. त्यात टाइम्स ऑफ इंडियातल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जाहिरातीही आहेत. हे पत्र १८३८ ला ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून निघालं आणि १८६१ ला आजचं नाव घेतलं. त्या काळच्या पत्रांत अशा जाहिराती ‘डोमेस्टिक ऑकरन्सेस’ या मथळ्याखाली येत. संस्थेच्या या सूचीत शोधायला पैसे पडत नाहीत.

एका मृत्यूची एक ओळ. आडनाव, नाव, हुद्दा किंवा पलटण, मृत्यूचा दिवस, महिना, वर्ष, ठिकाण, वय, नातं, शेरा. शेवटी वर्तमानपत्राचं नाव, अंकाची तारीख, पान आणि स्तंभ. हा शेवटचा भाग राहिला तर ओळ फुकट, कारण मूळ कात्रणापर्यंत कुणालाच पोचता येत नाही.

दिवस, महिना आणि वर्ष वेगळ्या रकान्यांत का? एक्सेलला १९०० च्या आधीच्या तारखा कळतच नाहीत. १८७१ ची तारीख तो साधा मजकूर समजतो, मग क्रम लावताना घोळ होतो. वर्षाचे दोनच आकडे टंकले की तो सरळ आपल्या जवळचं शतक धरतो. त्याची दुसरी खोड जास्त घातक. वरच्या ओळीतलं आडनाव तो आपणहून पुढं करतो आणि घाईत एंटर दाबला गेला की एका घरातला माणूस दुसऱ्या घरात मरतो. ही सोय आधी बंद करावी, मगच कामाला बसावं.

तारखेत सगळ्यात जास्त घसरायला होतं. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा. २ फेब्रुवारीच्या अंकात ‘२९ अल्ट.’ असेल तर २९ जानेवारी, इतकं सोपं. पण सोलापूरहून कुणी ३० जानेवारीला लिहून पाठवलेलं ‘२९ इन्स्ट.’ छापखान्यानं तसंच लावलं, की २ फेब्रुवारीच्या अंकात पुढची तारीख दिसते. माणूस मरण्याआधी जाहिरात येत नाही, म्हणजे महिना जानेवारीच. तरी तक्त्यात ‘इन्स्ट.’ तसंच ठेवायचं आणि हिशेब शेऱ्यात द्यायचा.

जुने अंक मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांवरून वाचावे लागतात; त्या फिल्मवर ३ आणि ८, १ आणि ७ सारखेच दिसतात. बांधणीच्या घडीत ओळीची टोकं गडप होतात, त्यामुळे ‘३’ वर्षांचं मूल प्रत्यक्षात ३३ वर्षांचा गनर निघू शकतो. बॉम्बे कुरियरसारख्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या पत्रांत लांब ‘एस’ असतो. तो जवळपास ‘एफ’सारखाच दिसतो आणि संगणक तर ‘सन’चं हमखास ‘फन’ वाचतो.

आता ‘छापलंय तसंच’ या नियमाकडे येते, कारण माझा राग तिथंच होता आणि आता आदरही तिथंच आहे. ‘कोलाबा’ हे नाव घ्या. मुंबईचा कुलाबा, जिथं गोऱ्यांची छावणी होती, की अलिबागचा कुलाबा? आपल्याला वाटतं, यात काय कठीण, आणि छातीठोकपणे मुंबई लिहून टाकतो. त्या क्षणी छापलेला शब्द कोणता आणि आपला तर्क कोणता, हे पुढच्या माणसाला कळेनासं होतं. शिवाय शोधणाऱ्या बाईच्या हातात पणजीचं पत्र असतं, त्यावर ‘किर्की’ असतं, आणि ती ‘किर्की’च शोधते. दुरुस्ती केली की नेमकी तीच नोंद तिच्यापासून लपते. आणि दुरुस्ती तरी कोणत्या नावाप्रमाणे करायची? नगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. मुख्य रकाना आजच्या नावामागं धावला तर प्रत्येक बदलाबरोबर सगळा तक्ता उकरावा लागेल.

आपली जागा शेऱ्याच्या रकान्यात आहे आणि ती मोठी आहे. ‘डापूली’ म्हणजे दापोली, आणि तिला अजूनही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, हे मराठी माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ‘सीताबल्डी’ म्हणजे नागपुरातली सीताबर्डी, हे नकाशा न उघडता आपण लिहू शकतो.

पडताळा घ्यायला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफनाच्या नोंदी आहेत; मुंबई इलाख्याची मालिका ‘एन/३’. एडन १९३२ पर्यंत मुंबईच्याच ताब्यात होतं, तेव्हा तिथले मृत्यूही इथंच बघावेत. आपल्याकडच्या उन्हात दफन त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी होई. जाहिरातीतला मृत्यू आणि वहीतलं दफन यांत चार दिवसांचं अंतर दिसलं, तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचलाय असं समजून पुन्हा फिल्म लावावी.

बायकांच्या ओळी भरताना जीव तुटतो. ‘अमुक कॅप्टनची पत्नी’, ‘अमक्याची विधवा’, बस्स. नावाचा रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजानं भरायचा नाही. तान्ह्या मुलांचं वय मात्र ‘११ महिने ४ दिवस’ इतकं नेमकं मोजलेलं असतं.

आणि आपली माणसं? या स्तंभात ती जवळपास नसतातच. ३१ जुलै १८६५ ला गेलेले जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे थोर लोकही बातम्यांच्या पानांत शोधावे लागतात. त्यावरून इथं कुणी म्हणालं की तुमच्याकडे नोंदीच नव्हत्या, तर ते मी ऐकून घेत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत चार-पाच पिढ्या, यात्रेला आलेल्यांच्या सह्यांसकट, एका पानावर मिळतात. घराण्यांचे कुलवृत्तान्त आहेत. फक्त त्या वहीसाठी आडनाव आणि गाव सांगत स्वतः दारात उभं राहावं लागतं, आणि परदेशातून हे जमत नाही, हे मान्य करायला हवं.

मराठी निधनवार्ता तर इंग्रजीपेक्षा कितीतरी भरलेली. ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, विवाहित कन्या, जावई, नातवंडे’ अशी एक ओळ म्हणजे अर्धा वंशवृक्षच. १८८१ पासूनचा केसरी किंवा त्याहून जुना ज्ञानप्रकाश कुणी अशा सूचीसाठी हाती घेतला, तर ‘पश्चात’ला स्वतंत्र रकाना द्यावा आणि नातं छापलेल्या क्रमानंच भरावं. तिथी आली तर तीही आहे तशीच: श्रावण वद्य म्हटलं की श्रावण वद्यच. आपल्या श्रावण वद्याला उत्तरेत भाद्रपद म्हणतात, तेव्हा बातमी कुठून आली ते शेऱ्यात लिहावं आणि इंग्रजी तारीख शेजारच्या वेगळ्या रकान्यात, पेन्सिलीनं लिहावी तशी, प्रश्नचिन्हासकट.