सिंगापूरची रिळं: ज्याचा अंमल, त्याचं दफ्तर

१ एप्रिल १८६७ ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच सिंगापूरचं तिकीट काढा. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही तीन ठाणी, म्हणजे स्ट्रेट्स सेटलमेंट्स, तोवर कलकत्त्याच्या हाताखाली होती. त्या दिवसापासून ती थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेली. अहवाल, खर्चाची मंजुरी, तक्रारी, कोणाला फाशी आणि कोणाला माफी, सगळ्या पत्रांचा पत्ता बदलला. मायक्रोफिल्मच्या, म्हणजे जुने कागद आणि वर्तमानपत्रं छोट्या आकारात टिपलेल्या फिल्मच्या रिळांच्या, कपाटांवर ‘सिंगापूरचा इतिहास’ अशी पाटी कुठेच नसते. कोणी कोणाला लिहिलं हे ठाऊक असेल तर रीळ सापडतं, नाहीतर दिवस नुसता याद्या चाळण्यात जातो.

माझा मुख्य विषय युद्धकाळातला, १९४२ ते १९४५ मधले मलायातले भारतीय आणि आझाद हिंद. जोडीला एक जुनं कुतूहल होतं. मुंबई इलाख्यातून समुद्रापार धाडलेले कैदी सिंगापुरात पोचले, त्यांचं पुढे काय झालं? १८२५ पासून हिंदुस्थानातले कैदी तिथे येऊ लागले. रस्ते, दलदलीतली भर, सेंट अँड्र्यूज कथीड्रल, आज राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत निवासस्थान असलेली इस्ताना, या सगळ्यांत त्यांचे हात आहेत. म्हणजे एकाच खेपेत मला दोन वेगवेगळ्या मालकांची दफ्तरं बघायची होती. या लेखात त्याच दोन्हींबद्दल सांगते.

निघण्यापूर्वीचं काम घरबसल्या होतं आणि ते टाळू नका. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘न्यूजपेपरएसजी’ या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत. १८४५ पासूनचा ‘स्ट्रेट्स टाइम्स’ पुण्यात बसून वाचता येतो. पण काही पत्रांची काही वर्षं हक्कांमुळे फक्त ग्रंथालयातल्या संगणकावरच उघडतात आणि काही पत्रं अजून केवळ रिळावर आहेत. तीही त्याच संकेतस्थळावरच्या यादीत रीळ क्रमांकासह सापडतात. हे तीन गट आधीच वेगळे करा. घरी वाचता येतं ते सिंगापुरात वाचत बसणं म्हणजे तिथल्या हॉटेलचं भाडं वाया घालवणं. कैद्यांच्या विषयासाठी तर पहिला मुक्काम मुंबईच. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड आहेत. माणूस इथून निघाला तेव्हाचं नाव आणि गुन्हा हाताशी असेल तर तिथे शोधायला काहीतरी धागा असतो.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचं कार्ड सरकारी संकेतस्थळावर भरायचं, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळंही दिसतात, तिकडे फिरकू नका. मेट्रोला वेगळं कार्ड घ्यायची गरज पडली नाही, आपलं टॅप होणारं बँकेचं कार्ड चालतं.

राष्ट्रीय ग्रंथालय व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे, बुगिस स्थानकापासून चालत काही मिनिटांवर. इमारत २००५ ची. तिच्यातलं ली काँग च्यान संदर्भ ग्रंथालय सातव्या ते तेराव्या मजल्यांवर पसरलं आहे. ज्यांचं नाव दिलं आहे ते रबराचे व्यापारी. सर्वांना फुकट वाचनालय हवं म्हणून त्यांनी १९५३ मध्ये पावणेचार लाख डॉलर दिले होते. आपल्याला हवा तो अकरावा मजला: सिंगापूर आणि आग्नेय आशिया. प्रवेश फुकट, ओळखपत्राची कटकट नाही, आणि पुस्तकं घरी न्यायची नसल्यामुळे सगळं जागेवर असतं. पुण्यात पेशवे दफ्तरात रुमाल सोडून कागद बघायची सवय असलेल्या माणसाला इथली शांतता आणि थंडी दोन्ही अंगावर येतात. थंडीचं खरंच सांगते, शाल किंवा पातळ स्वेटर पिशवीत असू द्या. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा, की तिसऱ्या तासाला बोटं आखडतात.

मायक्रोफिल्म कधी हाताळली नसेल तर थोडं यंत्राबद्दल. बहुतेक रिळं ३५ मिलिमीटरची. फिल्म काचेखालून नेऊन पलीकडच्या रिकाम्या चकतीत अडकवायची. आता यंत्राला संगणक जोडलेला असतो, त्यामुळे काळ्यावर पांढरं दिसणारं पान उलटवून घेता येतं, उजेड कमीजास्त करता येतो, फ्रेम स्कॅन करून घेता येते. पेनड्राइव्ह जवळ ठेवा. रीळ जोरात पळवलं की पडद्याकडे बघून मळमळतं, घाट चढताना एसटीत होतं तसं. फिल्म पळत असताना नजर बाजूला ठेवायची, थांबली की बघायचं. आणि प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या पाट्यांच्या फ्रेम सोडू नका. मूळ कागद कोणाच्या संग्रहातले, कोणते अंक मिळाले नाहीत, कोणती पानं फाटकी होती, हे तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या महिन्यात बातमी नाही म्हणजे घटना घडली नाही असं आपण मानून बसतो. खरं तर कधीकधी त्या महिन्याचे अंकच चित्रीकरणाला मिळालेले नसतात.

१८६७ पूर्वीचा साठा म्हणजे स्ट्रेट्स सेटलमेंट्स रेकॉर्ड्स. तो १८०० च्या सुमारास पिनांगपासून सुरू होतो. मालिकांना अक्षरं आहेत आणि विभागणी पत्रांच्या दिशेने आहे: बंगालकडून आलेली, बंगालला गेलेली, गव्हर्नरची, रेसिडेंटची. विषयवार सूची शोधत बसू नका. कैद्यांसाठी मी आधी वर्ष ठरवलं, मग बंगालला गेलेली पत्रं घेतली आणि त्यांची उत्तरं पुढच्या काही महिन्यांत शोधली. जहाजाने पत्र जायला आणि निर्णय यायला लागणारा वेळ धरून पुढे सरकायचं. कारकुनांचं अक्षर वळणदार आणि सुवाच्य आहे, त्रास अक्षराचा नाही. शाई कागदाच्या मागच्या बाजूला उतरली आहे आणि फिल्मवर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळून काळ्या दिसतात. अशा पानांवर वेळ घालवण्यापेक्षा क्रमांक टिपून पुढे जा. कंपनी सरकारच्या पत्रव्यवहाराची दुसरी प्रत बऱ्याचदा लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते, आणि ती कदाचित जास्त स्वच्छ असेल. ज्याचा अंमल त्याचं दफ्तर, हा नियम असा उपयोगी पडतो.

१८६७ नंतर ‘सीओ २७३’ हा क्रमांक पाठ करा, सीओ म्हणजे कलोनियल ऑफिस, वसाहत खातं. लंडनच्या वसाहत खात्याशी स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा झालेला मूळ पत्रव्यवहार, १९४६ पर्यंतचा. मूळ कागद लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात, रिळांच्या प्रती सिंगापुरात. गव्हर्नरच्या पत्रापेक्षा त्यावर लंडनच्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे वाचण्यात मजा आहे. वर गंभीर अहवाल आणि खाली कोणीतरी दीड ओळीत तो निकालात काढलेला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं, त्यांतल्या ४७ जणांना इंग्रजांनी गोळ्या घालून मारलं, तेही आउट्रम रोडच्या तुरुंगाच्या भिंतीशी, लोकांसमोर. हा विषय कोणाला करायचा असेल तर वर्तमानपत्रं आणि हा पत्रव्यवहार शेजारी ठेवूनच वाचा. युद्धाच्या सेन्सॉरखाली छापलेलं वर्तमानपत्र एकटं पुरत नाही.

आता १९४२. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि अंमल तोक्योचा झाला. पाचच दिवसांनी ‘स्ट्रेट्स टाइम्स’च्या छापखान्यातून ‘शोनान टाइम्स’ निघू लागला. शोनान किंवा स्योनान हे जपान्यांनी सिंगापूरला दिलेलं नाव. त्याच्या नावाचं स्पेलिंग बदलत गेलं आणि अखेर तो ‘स्योनान शिंबुन’ झाला. म्हणून यादीत एकाच नावाने शोधून थांबू नका. पानावरचं वर्षही बदललं. जपानी सम्राटांच्या परंपरेने मोजलेला शक छापलेला असतो, २६०२ म्हणजे आपलं १९४२, २६०३ म्हणजे १९४३. पडद्यावर पहिल्यांदा बघितलं की माणूस क्षणभर गडबडतो. वेळेचं आणखी महत्त्वाचं. शहराची घड्याळं तोक्योच्या वेळेला लावली गेली, म्हणजे आधीच्या स्थानिक वेळेपेक्षा दीड तास पुढे. सभा संध्याकाळी साडेपाचला असं छापलं असेल तर जुन्या वेळेच्या हिशेबाने ते चार वाजलेले असतात. आठवणी सांगणाऱ्यांनी जुनी वेळ धरली की नवी, हे तपासल्याशिवाय दोन साधनांतल्या वेळा जुळवू नका.

४ जुलै १९४३ ला कॅथे इमारतीत रासबिहारी बोस यांनी इंडियन इंडिपेंडन्स लीगची सूत्रं सुभाषबाबूंकडे दिली, दुसऱ्या दिवशी पाडांग या मैदानावर फौजेची पाहणी झाली, २१ ऑक्टोबरला हंगामी सरकारची घोषणा. ह्या तारखा सगळ्यांना माहीत असतात. रिळावर मी शोधत होते ते मधले दिवस: सभा, निधी, भरतीची आवाहनं. आपले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हंगामी सरकारात फौजेचे प्रतिनिधी म्हणून मंत्री होते. त्यांचं आडनाव इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, शिवाय युद्धकाळातल्या फिकट छपाईवरून संगणकाने वाचलेली अक्षरं भलतीच निघतात. नाव टाकून शोधल्याने जे हाती लागत नाही ते पान डोळ्यांखालून घातलं की दिसतं. रीळ संथपणे बघण्याला पर्याय नाही म्हणते ती एवढ्याचसाठी. शेजारच्या स्तंभात तांदळाच्या वाटपाची सूचना आणि जपानी भाषेचे धडे असतात, आणि त्या सभेला आलेले लोक कोणत्या दिवसांत जगत होते ते कळतं.

अर्थात हे पत्र जपान्यांच्या प्रचारयंत्रणेचं. त्यातला उत्साह जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. शरणागतीच्या वेळी जपान्यांनी बरेच कागद जाळले, म्हणून सरकारी दफ्तराची पोकळी इतर ठिकाणांहून भरावी लागते: दिल्लीतल्या आझाद हिंदच्या फायली, लंडनमधल्या इंडिया ऑफिसच्या युद्धविषयक फायली, आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ध्वनिमुद्रित मुलाखती. या मुलाखतींचं केंद्र १९७९ चं. जपानी अमलाखाली जगलेल्या चिनी, मलय, भारतीय, युरेशियन माणसांनी स्वतः सांगितलेलं आहे आणि बरंचसं संकेतस्थळावर ऐकता येतं. अभिलेखागार कॅनिंग राइजला, फोर्ट कॅनिंगच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. ग्रंथालयातून चालत जाता येतं. वाचनकक्ष रविवारी बंद. हवे ते क्रमांक संकेतस्थळावरून काढून, काही नोंदींना आधी परवानगी लागते का ते बघून जा. उलट ग्रंथालय रविवारीही उघडं असतं, त्यामुळे आठवड्याची आखणी त्या हिशेबाने करा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातही चांगला साठा आहे, पण बाहेरच्या माणसाने आधी लिहून विचारलेलं बरं.

एक गोष्ट सांगायचा मोह होतो. युद्धापूर्वीचा रॅफल्स ग्रंथालयाचा आणि संग्रहालयाचा ठेवा लुटालुटीतून वाचला तो तानाकादाते हिदेझो हे जपानी भूशास्त्रज्ञ आणि कॉर्नर हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या खटपटीमुळे. शत्रुपक्षातली दोन माणसं पुस्तकांसाठी एकत्र काम करत होती. त्याच संग्रहाचा वारसा आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे.

विषय सिंगापूरचा नसेल तरी शोध घ्यायची रीत हीच. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा प्रांत होता, तेव्हा त्याआधीचं दिल्लीत आणि लंडनमध्ये. थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, म्हणून ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचे कागद मुंबई सरकारच्या दफ्तरातही निघतात. फिलिपिन्समध्ये अमेरिकन फौजेने क्रांतिकारकांचे कागद पकडून नेले. त्यांची ६४३ रिळं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने काढली, क्रमांक ‘एम २५४’. कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या जबान्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नेल विद्यापीठाने फिल्मवर घेतल्या. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये १९७० पासून आग्नेय आशियाची वर्तमानपत्रं आणि दुर्मीळ छापील साहित्य फिल्मवर उतरवण्याचा सामायिक प्रकल्प आहे. सभासद संस्थांना ही रिळं उसनी मिळतात. तुमचा मार्गदर्शक किंवा मित्र अशा विद्यापीठात असेल तर विमानाच्या तिकिटाआधी त्याला मेल करा.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर ग्रंथालयाजवळ मिडल रोडवर फॉर्च्युन सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिथे शाकाहारी गाळे बरेच. इडली-डोशाची आठवण आली तर सेरंगून रोडला कोमला विलास, १९४७ पासूनचं. मी लिटल इंडियात उतरले होते. खोली लहान, पण ग्रंथालय चालत गाठता येतं आणि रात्री भात मिळतो. पाय मोकळे करायचे तर तिथल्या धोबी घाट नावाच्या भागात कॅथेचा जुना दर्शनी भाग अजून उभा आहे. पाडांगशेजारच्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारी खूण आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी जुलै १९४५ मध्ये झाली होती, सप्टेंबरात इंग्रज परतले आणि त्यांनी ते सुरुंग लावून उडवलं.

शेवटचं काम रोज रात्रीचं. स्कॅन केलेल्या फायलींना यंत्र आपोआप क्रमांक देतं आणि चार दिवसांनी सगळ्या सारख्याच दिसतात. झोपण्याआधी प्रत्येक फाइलला संस्था, रीळ क्रमांक, फ्रेम आणि तारीख असं नाव द्या. सिंगापूरच्या रिळांना ‘एनएल’ने सुरू होणारे क्रमांक असतात, ते तळटिपेत लागतातच. स्योनानच्या पानांना छापलेला शक आणि आपलं वर्ष, दोन्ही लिहा. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरी स्वतःला मेलने पाठवून द्या.