“याला काही वाटतच नाही वाटतं”

आज भाच्याला घेऊन आत्याकडे भेटायला गेलो. काका गेल्यापासून तिचं घर माणसांनी भरलेलंच आहे. भाचा ऑटिस्टिक आहे, कॉलेजात जातो. तो आत्याशी सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही. सरळ आत गेला, काकांची औषधं बाजूला काढली आणि तिच्या बीपीच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवल्या. हे काम काका करायचे. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाहेर एक पाहुणे म्हणाले, “याला काही वाटतच नाही वाटतं.” (मग पुढचा अर्धा तास स्वतःच्या बायपासबद्दल बोलले, ते असो.)

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, तो स्वतःही ऑटिस्टिक, २०१२ मध्येच मांडलं होतं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमध्ये न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी कानगोष्टींच्या खेळासारखा, एकाने दुसऱ्याला सांगत जायचा प्रयोग केला. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत माहिती बाकीच्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. तरी दोष मात्र कायम एकाच बाजूच्या माथी.

घरी आल्यावर भाचा बराच वेळ दार लावून बसला. गर्दीने थकला असेल, म्हणून मी हाक मारली नाही. जेवताना आपणहून म्हणाला, “आत्याआजीचे हात थरथरत होते. तरी सगळे तिच्याकडेच चहा का मागत होते?”