लोणचं आणि लेन्स

चिपळूणच्या आमच्या घरी पावसाळ्यात दोनच वस्तूंना सोवळं असतं. आईची लोणच्याची बरणी आणि माझ्या कॅमेऱ्याची ५० एमएमची लेन्स. बरणीचं सोवळं जुनं, लेन्सचं मात्र ठेच लागल्यावर सुरू झालं.

एका जूनमध्ये मी कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवला तो थेट गणपतीत काढला. फोटो धुकट. वाटलं, धुपाचा धूर असेल. शेवटी लेन्स टॉर्चसमोर तिरकी धरली, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू. आई मागून डोकावली. "बुरशी धरलीय रे. ओला हात लावलास का?"

ओला हात नाही लावला, पण आमच्याकडे हवाच ओली. त्यात चामडं दमटपणा धरून ठेवतं. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून बुरशी पुसली, डाग मात्र राहिले. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, तो म्हणाला.

तोवर कोटिंग नावाचं काही असतं याचाही मला पत्ता नव्हता. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो. लेन्समध्ये पाच-सहा काचा, म्हणजे किती गळती बघा. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवून ही गळती रोखायची युक्ती काढली. असा एक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. आणि मी काय करत होतो? तोंडाने 'हाऽऽ' करून वाफ सोडायची आणि शर्टाच्या टोकाने घासायचं. गुहागरच्या किनाऱ्यावरून आल्यावरसुद्धा! वाळूचा कण काचेहून कठीण; त्याच्यासकट पुसणं म्हणजे लेन्सला पॉलिशपेपर मारणं.

आता आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवतो, मग मऊ ब्रश. एवढ्यावर भागलं नाही, बोटाचा ठसा वगैरे असलाच, तर मायक्रोफायबरचं फडकं. लेन्स पुसायच्या लिक्विडचा थेंब फडक्यावर टाकायचा. काचेवर टाकला तर कडेने आत झिरपतो. खरं तर चार धूलिकण फोटोत दिसतही नाहीत. धुळीपेक्षा आपल्या टापटिपीनेच जास्त लेन्सा बिघडत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

मुंबईहून एसी गाडीने आलो की बॅग अर्धा-पाऊण तास उघडत नाही. गार काचेला आमची हवा लागली की तिला लगेच घाम फुटतो.

राहता राहिला डबा. घट्ट झाकणाचा, पोह्यांचा. पोहे बेघर करून त्यात लेन्स आणि दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवल्यात. दाणे निळे असले की कोरडे, गुलाबी झाले की पाणी प्यायलेले. मग ते स्वयंपाकातून बाद झालेल्या कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत.

गेल्या आषाढी एकादशीला मी गॅसपाशी उभा राहून हेच करत होतो. आई देवघरातून म्हणाली, "साबुदाणा परततोयस होय? गुणाचं गं माझं ते. पण भिजवला होतास ना?" जवळ येऊन गुलाबी दाणे पाहिले आणि काही न बोलता फराळाचं तिचं तिने करायला घेतलं.

संध्याकाळी पाहिलं तर डबा लोणच्याच्या बरणीशेजारी, फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला होता. झाकणावर कॅलेंडरचा कपटा चिकटवलेला, त्यावर तिच्या अक्षरात : 'खायचं नाही.'