पाऊस ओसरला की केर्न्सला उतरा: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत हॉटेलात काम करत भटकंती

केर्न्सहून पोर्ट डग्लसला जाणारा कॅप्टन कुक हायवे सुमारे ६७ किलोमीटरचा. एलिस बीच मागे पडला की डावीकडे गच्च जंगलाचा डोंगर, उजवीकडे थेट कोरल समुद्र, आणि मधून वळणं घेत जाणारा रस्ता. तासाभरात पोर्ट डग्लस येतं. मॅक्रॉसन स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. त्याच्या एका टोकाला फोर माइल बीच, दुसऱ्या टोकाला खाडी, आणि दोन्ही बाजूंना रेस्टॉरंटं, बार, आइस्क्रीमवाले. एप्रिलच्या शेवटी इथे काचांवर 'स्टाफ हवा' अशा पाट्या लागतात. डिसेंबरात याच रस्त्यावर निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतात.

वर्किंग हॉलिडेबद्दल, म्हणजे वर्षभर काम करत परदेश फिरण्याबद्दल, लोक व्हिसाच्या लॉटरीवरच बोलत बसतात. माझ्या मते पुढचं सगळं वर्ष ठरतं ते तुम्ही कोणत्या महिन्यात उतरता यावर.

लॉटरीचं थोडक्यात सांगते. भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०. पहिल्या सोडतीची नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले. नाव नोंदवायला पासपोर्ट, पॅन कार्ड आणि २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. नाव निघालं की खरा अर्ज करायला २८ दिवस मिळतात, म्हणून कागद आधीच गोळा करून ठेवावेत. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. खात्यात ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे दाखवावे लागतात. इंग्रजीची अट सौम्य आहे, आयएल्ट्समध्ये सरासरी ४.५. शाळा मराठी माध्यमाची असली तरी पदवी पूर्ण इंग्रजीतून झाली असेल, तर कॉलेजचं तसं पत्र चालू शकतं. ते पत्र प्राचार्यांच्या सहीने मिळायला वेळ लागतो, तेव्हा सोडतीची वाट न बघता आधीच मागून ठेवा. छातीचा एक्स-रे ठरावीक पॅनल क्लिनिकमध्येच काढावा लागतो.

व्हिसा हातात आल्यावर ऑस्ट्रेलियात शिरायला १२ महिने मिळतात, आणि मुक्कामाचं वर्ष पहिल्या प्रवेशापासून मोजलं जातं. बरेच जण व्हिसा आला की पुढच्याच महिन्याचं तिकीट काढतात. तिथेच गणित बिघडतं.

उत्तर ऑस्ट्रेलियात दोनच ऋतू धरायचे. मे ते ऑक्टोबर कोरडा. ऊन छान, हवा हलकी, दक्षिणेतले लोक थंडी टाळायला वर येतात आणि हॉटेलं भरतात. नोव्हेंबर ते एप्रिल ओला; कोकणातला मे आणि जुलै एकाच दिवशी अंगावर यावा तसा. समुद्रात विषारी जेलीफिश येतात, त्यामुळे जाळी लावलेल्या पट्ट्यातच पोहायचं. चक्रीवादळांचे महिनेही हेच. १३ डिसेंबर २०२३ ला जॅस्पर चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं, मागोमाग पूर आले आणि हाच कॅप्टन कुक हायवे दरडींमुळे अनेक आठवडे बंद राहिला. रस्ता बंद म्हणजे पाहुणे नाहीत. पाहुणे नाहीत म्हणजे रोस्टरवर, कामाच्या वेळापत्रकावर, तुमचं नाव नाही.

तेव्हा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये उतरा. मुंबईहून केर्न्सला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेलात तर सिडनीचा वळसा वाचतो. सामानात पेढे, बर्फी, कढीपत्ता ठेवू नका. गोडा मसाला, लोणचं असेल तर प्रवेश कार्डावर 'हो' असं लिहून दाखवा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेली सापडली तर दंड होतो.

पहिला आठवडा केर्न्समध्येच काढावा. हॉस्टेलं इथे आहेत आणि कागदपत्रांची कामंही इथूनच होतात. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे टीएफएन, ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्यासाठी पैसे घेणाऱ्या साइट्सकडे जाऊ नका. तो पत्राने येतो आणि २८ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून पत्ता असा द्या जिथे महिनाभर तुमची डाक कोणी फेकून देणार नाही. नोकरी लागल्यावर २८ दिवसांत हा नंबर मालकाला दिला नाही, तर कर सर्वांत वरच्या दराने कापला जातो. दारू वाढायचं किंवा विकायचं काम करायचं तर आरएसए, म्हणजे जबाबदारीने दारू देण्याचं प्रमाणपत्र लागतं. क्वीन्सलंडसाठी ते ऑनलाइन होतं. कोर्सचा कोड एसआयटीएचएफएबी०२१ आहे ना, एवढं बघा. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र वेगळं कार्ड लागतं आणि व्हिक्टोरियाचे नियम आणखी निराळे, तेव्हा पुढे सिडनी-मेलबर्नला जायचा बेत असेल तर तो खर्च पुन्हा धरा. आरोग्य विमा घ्याच. भारतीयांना तिथल्या मेडिकेअरचा लाभ नाही.

काम मागायला दुपारी अडीच ते साडेचारच्या दरम्यान जायचं. दुपारचं जेवण उरकलेलं असतं, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते, आणि मॅनेजरला दोन मिनिटं मोकळी असतात. साडेबाराला बायोडेटा घेऊन दारात उभं राहणाऱ्याला धंद्याची समज नाही, असाच निष्कर्ष निघतो. बायोडेटा एका पानाचा, फोटो-जन्मतारीख-धर्म काही नको. वर तिथला मोबाइल नंबर, व्हिसाचा प्रकार, आरएसए, आणि 'सगळे शनिवार-रविवार उपलब्ध' ही ओळ. पदवीपेक्षा या ओळीला जास्त भाव आहे.

मग ट्रायल. काम येतं की नाही हे बघण्यापुरती विनापगारी ट्रायल कायद्याला चालते, फार तर एक शिफ्ट. त्यापुढचे तास पगारीच. 'आठवडाभर बघू, मग ठरवू' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. काळी पँट, काळा शर्ट आणि न घसरणारे काळे बूट एवढा सरंजाम लागतो. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका, तेलकट ओल्या फरशीवर स्वस्त बूट दगा देतात.

अनुभव नसेल तर पहिलं काम बहुधा किचन हँडचं, बोलीभाषेत डिशी. शारीरिकदृष्ट्या सगळ्यांत कष्टाचं आणि मिळायला सगळ्यांत सोपं. ताटातलं उरलेलं खरवडायचं, वरून लोंबणाऱ्या फवाऱ्याने धुवायचं, रॅकमध्ये एका दिशेने लावायचं आणि हुडवाल्या मशीनमध्ये सरकवायचं. एक-दोन मिनिटांत रॅक बाहेर. नवख्यांची चूक ठरलेली असते: मशीन रिकामं असताना भांडी साचू देतात आणि जड तवे-पातेली शेवटाला ठेवतात. तवे आधी गरम पाण्यात भिजत टाकायचे आणि ताटं फिरत ठेवायची. गाळणी रात्रीतून दोन-तीनदा साफ केली नाही तर पाणी गढूळ होतं आणि ग्लासांवर डाग राहतात. मग फ्लोअरवरून ग्लास परत येतात आणि काम दुप्पट. कोणाच्या मागून जाताना 'बिहाइंड', गरम भांडं असेल तर 'हॉट', कोपऱ्यावर 'कॉर्नर' असं मोठ्याने ओरडायचं. संकोच करणारा माणूस इथे भाजतो किंवा दुसऱ्याला भाजतो.

घरी विचारला जाणारा प्रश्न इथेच उरकते: हो, गोमांसाची आणि डुकराच्या मांसाची ताटं हाताखालून जातात. ते मान्य नसेल तर हाउसकीपिंग बघा. तिथे खोलीमागे साधारण अर्धा तास धरलेला असतो आणि कंबर आठवडाभर बोलते. शाकाहाऱ्याला स्टाफ मील म्हणून बऱ्याचदा चिप्स आणि पास्ता मिळतो, डबा न्यावा.

प्रेपला, म्हणजे स्वयंपाकाच्या पूर्वतयारीला, बढती मिळाली तर अन्नसुरक्षेचे नियम पाठ हवेत. थंड पदार्थ ५ अंशांखाली, गरम ६० च्या वर. मधल्या तापमानात एकूण दोन तासांपर्यंत राहिलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तास झालेलं लगेच वापरायचं, चारच्या पुढचं फेकायचं. डब्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी हवीच. कॉफी मशीनवर जायची हौस असेल तर दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवा. आपल्याकडच्या उकळत्या चहाची सवय इथे आड येते, ६५ च्या पुढे दुधाची गोडी जाते आणि कप परत येतो.

आता पैसे. हॉटेल उद्योगाच्या वेतन नियमांत लेव्हल १ चा, म्हणजे सुरुवातीच्या कामांचा, मूळ दर १ जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर ठरला. दर जुलैला तो बदलतो. तुम्ही बहुतेक कॅज्युअल असाल, म्हणजे पगारी रजा नाही पण २५ टक्के जास्त: ३१.१९. शनिवारी मूळ दराच्या दीडपट, रविवारी पावणेदोनपट म्हणजे ४३.६६, सार्वजनिक सुट्टीला अडीचपट. रविवारच्या आठ तासांचे जवळपास ३४९ डॉलर होतात, मंगळवारच्या आठ तासांचे २५०. म्हणूनच ती बायोडेटातली शनिवार-रविवारची ओळ तुमच्या आणि मालकाच्या, दोघांच्याही कामाची. कर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, ४५,००० डॉलरपर्यंत. कॅज्युअलची दुसरी बाजू अशी, की गर्दी नसेल तर दोन तासांनी घरी पाठवतात. आठवड्याला ३८ तास मिळतील असं धरून खोली घेऊ नका, २५ धरा. पोर्ट डग्लसमध्ये सीझनला खोल्या मिळणं हीच मोठी अडचण असते. स्टाफची राहायची सोय असलेलं रिसॉर्ट मिळालं तर तासाचा दर थोडा कमी वाटला तरी घ्यावं. हॅमिल्टन आयलंड, उलुरूजवळचं युलारा, ब्रूमची हॉटेलं अशी सोय देतात.

रोख पैसे हातावर ठेवणारा किंवा 'एबीएन काढून आण' (म्हणजे नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद कर) म्हणणारा मालक भेटला तर नुकसान फक्त पगाराचं नाही, कामाचा पुरावाही बुडतो. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक कामाचे तीन महिने, म्हणजे ८८ दिवस भरावे लागतात, आणि उत्तर भागातलं पर्यटन व हॉटेलांचं काम त्यात धरलं जातं. मेलबर्नच्या कॅफेतलं धरलं जात नाही. पोस्टकोड कामाच्या जागेचा लागतो, कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा नाही. पूर्ण वेळ काम असेल तर साप्ताहिक सुट्ट्याही मोजल्या जातात. आठवड्याला तीनच दिवस मिळाले तर तीनच धरा. पगाराची पावती पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायला हवी. प्रत्येक पावती आणि त्या दिवशीची बँकेची नोंद एकत्र जपा; वर्षभराने मालक बदललेला असतो, मॅनेजर बालीला गेलेला असतो. दुसऱ्या व्हिसाला सोडत नाही, हे या सगळ्या खटाटोपाचं फळ. एका मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही, पण उत्तरेतल्या पर्यटन-हॉटेल कामाला त्यातून सूट आहे.

सुट्टीच्या दिवशी मॉसमन गॉर्जचं गार पाणी, डेनट्री नदीवरची फेरीबोट, ग्रेट बॅरिअर रीफवर नेणारी बोट. नदीकाठी मगरींच्या पाट्या दिसतील, त्या शोभेच्या नाहीत. सप्टेंबरअखेर गर्दी ओसरू लागली की दक्षिणेला सरका. मेलबर्न-सिडनीत नोव्हेंबरपासून उन्हाळ्याची भरती असते. बर्फात काम करायचं असेल तर थ्रेडबो, फॉल्स क्रीकचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाकावे लागतात.

निघताना हिशोब दोन. तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, विवरणपत्र ऑनलाइन भरता येतं. मालक पगारावर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, वेगळं भरतो. देश सोडून व्हिसा संपल्यावर ते मागता येतं, पण वर्किंग हॉलिडेवाल्यांचे त्यातले ६५ टक्के करात जातात. १,००० डॉलर जमले असतील तर हाती ३५० येतील. तेवढ्यासाठी तिथलं बँक खातं आणि ईमेल चालू ठेवा, आणि सुपर फंडाचा सदस्य क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्या.