एक्सेलमधला समुद्र

गेल्या आठवड्यात कस्टमरची परत एक एक्सेल आली, पर्यावरण नि कामगारांची माहिती मागणारी. नाशिकच्या अंबडला आमचं छोटं शेड आहे, बावीस माणसं, कॉपरचे बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, कापतो, वाकवतो, पंच करतो, ते जातात विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका स्विचगिअर कंपनीला आणि तिचे पॅनल युरोपातल्या वीज कंपन्यांकडे, म्हणून तिकडचा कायदा आमच्या टेबलावर. १८६ प्रश्न! त्यात एक असा की तुमच्या कामाचा समुद्री जीवांवर काय परिणाम होतो. अहो आमच्या जवळचं पाणी म्हणजे नासर्डी नदी. 'लागू नाही' टाकलं तर सेल लाल, कारण लिहा म्हणे.

आणि बातम्यांत काय, तर युरोपने नियम सोपे केले. फेब्रुवारी २०२५ ला ओम्निबस नावाचं पॅकेज आणलं, डिसेंबरात युरोपियन संसदेनं मंजूर केलं. आता सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे कंपनीचा पर्यावरण नि माणसांचा हिशोब, १,००० च्या वर माणसं आणि ४५ कोटी युरोच्या वर टर्नओव्हर असेल त्यांनाच, आणि ड्यू डिलिजन्स, म्हणजे सप्लायरकडे माणसं नि पर्यावरण सांभाळतात का ते बघणं, ५,००० माणसं आणि १५० कोटी युरोच्या वर, तेही २०२९ पासून. कार्बन कसा कमी करणार त्या क्लायमेट प्लॅनची सक्तीही गेली. गॅसवाले आधीपासून मागे लागलेले, कतारच्या मंत्र्यांनी २०२४ च्या डिसेंबरातच सांगितलेलं की या ड्यू डिलिजन्सच्या कायद्यानं दंड लावाल तर युरोपचा गॅस बंद.

पण मोठ्या वीज कंपन्या त्या रेषेच्या वरच राहतात ना. त्या त्यांच्या सप्लायरला विचारणार, तो आम्हाला. इकडे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचं बीआरएसआर, म्हणजे असाच रिपोर्ट, आहे पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना, त्यात सप्लायरची माहिती ऐच्छिक केली, पण कस्टमरने मागितली की आपल्याला कसली ऐच्छिक.

खरं सांगू का, माहिती द्यायला माझी ना नाही. सगळं एका ड्रॉवरमध्ये आहे. महावितरणचं बिल, मागच्या महिन्यात ६,४०० युनिट, युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन धरला की साडेचार टन. जनरेटरचं डिझेल, लिटरला २.७ किलोच्या आसपास. भंगाराच्या वजनाच्या पावत्या, पीएफची चलनं, ३० जूनपर्यंत भरायचा घातक कचऱ्याचा रिटर्न. अर्ध्या तासाचं काम. पण एकाला वीज मेगावॉट-तासात पाहिजे, दुसऱ्याला जूलमध्ये, तिसऱ्याचं पोर्टल मधेच लॉगआउट करतं, आणि आमचा अकाउंटवाला पोरगा जीएसटी बाजूला ठेवून हेच करत बसतो. सोपं करायचं तर हे करा, सगळ्यांचा फॉर्म एकच करा. छोट्यांसाठी युरोपात एक ऐच्छिक फॉर्म आहे, नव्या नियमात १,००० पेक्षा कमी माणसं असलेल्यांकडून त्याच्यापेक्षा जास्त सक्तीनं मागू नका असंही आहे. छान आहे. पण पीओ, म्हणजे मालाची ऑर्डर, ज्याच्या हातात त्याला नाही कोण म्हणणार?

शेवटी त्या लाल सेलमध्ये मी लिहिलं, नासर्डी गोदावरीला मिळते, गोदावरी समुद्राला. सेल हिरवा झाला.